आडनावात राहिलेले गाव

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरणाऱ्याची नजर प्रथम वर जाते. दोन हजार वर्षे टिकलेल्या लाकडी फासळ्यांपुढे खांबांवरची बारीक ब्राह्मी अक्षरे पाहण्याचे भान फार थोड्यांना उरते. त्या अक्षरांत दात्यांची नावे आहेत. कुणी सुतार, कुणी व्यापारी, कुणी भिक्षू. आणि त्यांच्याबरोबरच धेनुकाकट नावाच्या गावचे काही ‘यवन’. हे यवन मूळचे ग्रीक होते की नाव तेवढे परके आणि माणसे इथलीच, यावर विद्वानांत वाद आहे. धेनुकाकट नेमके कुठले, यावरही आहे. पण खांब दान देताना त्या माणसाने आपली ओळख कशी सांगितली, हे मात्र स्पष्ट वाचता येते. आधी गाव, मग आपण कोण, मग नाव. आपले परकेपण त्याने लपवले नाही आणि गावही सोडले नाही. दोन्ही एकाच ओळीत, एकाच दगडावर मावली.

कार्ल्याचे यवन पुढे कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही. ते इथल्या समाजात विरघळले असावेत. मात्र याच घाटाखाली, कोकणपट्टीत, आणखी एक समाज शतकानुशतके राहिला, ज्याने गाव आणि वेगळेपण या दोन्ही गोष्टी सोडल्या नाहीत. त्या समाजाची आज दोन घरे आहेत. एक इथे, एक इस्रायलमध्ये. त्याचे नाव बेने इस्राएल.

मावळातल्या वाचकाला या समाजाच्या भूगोलात पहिल्याच पावलाला ठेच लागते. बेने इस्राएलांच्या श्रद्धेत खंडाळ्याला फार मोठे स्थान आहे. संदेष्टा एलियाहू हन्नाबी आपल्या रथातून तिथे आला आणि तिथूनच स्वर्गात गेला. त्याच्या घोड्यांच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा तिथल्या खडकावर अजून दिसतात, असे परंपरा सांगते. बोरघाटाच्या माथ्यावर वाढलेला तरुण हे ऐकून चकित होतो. इतकी वर्षे या रस्त्याने गेलो, राजमाची पाहिली, नागफणी चढलो, आणि हे कसे कुणी सांगितले नाही? पण ते खंडाळा हे नव्हे. ते अलिबागजवळचे, समुद्राच्या बाजूचे. नागफणीच्या टोकावरून पश्चिमेला जो धुरकट सखल मुलूख दिसतो, त्याच्याही पलीकडचे.

परंपरा म्हणते की त्या किनाऱ्यावर, अलिबागच्या उत्तरेला नवगावपाशी, एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्याला लावली आणि वाचलेल्यांनी ती नवगावला पुरली. हे केव्हा घडले याचा लिखित पुरावा नाही. कुणी ते इसवी सनापूर्वीचे मानतात, कुणी त्यानंतर कित्येक शतकांनी घडले असे मानतात. गलबताबरोबर ग्रंथही बुडाले. वाचलेल्यांच्या वंशजांना हिब्रू येईना, पोथी उरली नाही, पुरोहित उरला नाही. उरल्या त्या थोड्या गोष्टी: आठव्या दिवशी मुलाची सुंता, काही सण, काही मासे वर्ज्य, ‘शेमा इस्राएल’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, आणि शनिवारी काम बंद.

यांतली शेवटची गोष्ट शेजाऱ्यांनी नेमकी टिपली. हे लोक तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी मात्र घाणा थांबे. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे होते ते सोमवार तेली. एवढाच फरक. जगातल्या एका प्राचीन धर्माचा सर्वांत महत्त्वाचा आचार कोकणातल्या शेजाऱ्याने धंद्याच्या सुट्टीचा वार म्हणून नोंदवला, आणि त्यापलीकडे चौकशी केली नाही. आजच्या वाचकाला त्यात अज्ञान दिसेल. त्यात एक मोठे औदार्यही होते, हे कळायला मात्र या लोकांना परदेशी जावे लागले.

सणांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. हिब्रू नावे विसरली गेली, पण सण राहिले आणि त्यांनी मराठी नावे घेतली. वर्षारंभ झाला ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा कडक उपास, ज्या दिवशी घराची दारे लावून सगळे आत बसत, तो झाला ‘दारफाळणीचा सण’. नव्या धान्याची खीर करून खायची तो ‘खिरीचा सण’. जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा शोक पाळण्याचा दिवस झाला ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे रांधत. जगभर ज्यू त्या दिवशी एका उद्ध्वस्त मंदिरासाठी रडत असताना कोकणातल्या घरात मोड आलेले वाल सोलले जात होते. शोकाचे कारण विसरले होते आणि शोकाचा दिवस चुकला नव्हता. ‘रोजा’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला, ‘सण’ हिंदू शेजाऱ्यांबरोबरचा, आणि ज्या दिवसाला तो चिकटला तो दिवस त्यांचा स्वतःचा.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. तो अकराव्या शतकात आला असे कुणी म्हणतात, अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी तोच असेही कुणी म्हणतात. त्याने या लोकांची परीक्षा घेतल्याची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. त्याने बायकांपुढे टोपलीभर मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे निवडले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मशास्त्राचा नियम तोच आहे. पोथी समुद्रात गेली तरी नियम स्वयंपाकघरात टिकला होता. रहाबीने काही तरुणांना हिब्रू शिकवले आणि त्यांच्यापासून ‘काजीं’ची परंपरा सुरू झाली.

मग हे लोक घाट चढू लागले. इंग्रजांच्या मुंबई फौजेत त्यांची मोठी भरती झाली. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले ते सॅम्युअल इझिकिएल दिवेकर या सैनिकाच्या पुढाकाराने. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्याने ते बांधले, अशी कथा आहे. लोकांच्या तोंडी ते ‘मशीद’च झाले, आणि आजच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली रेल्वेने घाट ओलांडला. पलटणी, रेल्वे, टपाल, इस्पितळे: जिथे सरकारी नोकरी तिथे बेने इस्राएल कुटुंब. लोणावळ्यावरून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांतून घाण्याचा धंदा सोडलेली ही पिढी पुण्याच्या छावणीपर्यंत पोचली.

पुण्यातच १८७४ साली एक पुस्तक छापले गेले, ज्यासाठी आज जगभरचे संग्राहक धडपडतात. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची ही ‘हग्गादा’, हिब्रूबरोबर मराठी भाषांतर असलेली. तिच्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका आहेत. त्या युरोपातल्या हग्गादांमधल्या बायकांसारख्या नाहीत. त्या साड्या नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटलेल्या गुलामांची गोष्ट पुण्याच्या छापखान्यात पोचेपर्यंत तिच्यातल्या बायका इथल्या झाल्या होत्या. त्याच सुमारास या समाजात कीर्तनेही होऊ लागली. मोशे, दावीद, योसेफ यांची आख्याने, चाली मराठी.

ही सगळी हकीकत फार गोड वाटते. ती तशी नव्हती. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधलेले ‘लाल देऊळ’ ज्या बगदादी ज्यूंचे, ते गोऱ्या साहेबाच्या जवळचे आणि श्रीमंत. त्यांच्यातले अनेक जण बेने इस्राएलांना पुरते ज्यू मानायला तयार नव्हते. मुंबईत दफनभूमीतही वेगळी जागा हवी, इथवर गोष्ट गेली होती. बेने इस्राएलांनी पुण्यात रास्ता पेठेत आपले सिनेगॉग उभारले. आणि हेही लिहिले पाहिजे की या समाजाने स्वतःतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पाळला. बाहेरच्या स्त्रीशी झालेल्या संबंधातून जन्मलेल्यांचे वंशज ते ‘काळे’. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. जातीच्या प्रदेशात शतके काढलेल्या समाजाने तिथल्या चांगल्या गोष्टींबरोबर हीही उचलली.

आता आडनावे. पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, चेऊलकर, तळकर, वाक्रुळकर. ही यादी म्हणजे रायगड जिल्ह्याचा नकाशाच. कुलाब्याच्या दक्षिण-उत्तर पट्ट्यात असे फारसे गाव उरणार नाही, जे यांच्या कुणा ना कुणाच्या नावात बसलेले नाही. ‘बूट पॉलिश’मधले प्रेमळ जॉन चाचा म्हणजे अभिनेते डेव्हिड, यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे चौल. कार्ल्याच्या काळातही जिथे परदेशी जहाजे लागत, ते बंदर. भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना उभी करणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांचे मूळ गाव अलिबागजवळचे झिराड. या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर म्हणजे किहीमचे. त्यांनी तो १८९७ साली लिहून पुरा केला आणि तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. कोकणचा इतिहास, लेखक किहीमचा, आणि छापखाना भूमध्य समुद्राच्या काठी. पुढे काय होणार याची ती आगाऊ खूणच म्हणायला हरकत नाही.

१९४८ साली इस्रायल स्थापन झाले. तेव्हा भारतात बेने इस्राएलांची संख्या २०,००० च्या आसपास होती. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक निघून गेले.

का गेले? जगातल्या स्थलांतरांची कारणे शोधताना आपण प्रथम छळ शोधतो. क्युबाचे उदाहरण घ्यावे. १९५९ च्या क्रांतीनंतर लाखो लोक तो देश सोडून गेले, त्यांत तिथले बहुसंख्य ज्यूही होते. जाणाऱ्यांची घरेदारे सरकारजमा झाली, सरकारने त्यांना ‘किडे’ म्हटले, आणि हवाना व मायामी या दोन शहरांत एकाच लोकांचे दोन रागावलेले अर्धे उभे राहिले. खरे क्युबन आम्हीच, असे दोन्ही अर्धे म्हणत राहिले. कोकणातून गेलेल्यांना कुणी किडे म्हटले नाही. घरे जाळली नाहीत. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकरीतले भवितव्य धूसर झाले, हे एक कारण. नातेवाईक गेले म्हणून मागचे गेले, हे दुसरे. आणि प्रार्थनेत शतकानुशतके ज्या शहराचे नाव घेतले, तिथे आता जाता येते, हे सर्वांत मोठे. भांडण न होता घर सोडणे हा विलक्षण प्रकार आहे. अशा माणसाला मागे वळून शिव्या देण्याचीही सोय राहत नाही.

तिकडे पोचल्यावर त्यांना वसवले गेले ते बहुतेक वाळवंटाच्या कडेच्या नव्या वसाहतींत आणि औद्योगिक गावांत: दिमोना, बीरशेबा, येरुहाम, अश्दोद, लोद. कामे हलकी, भाषा नवी, रंग सावळा. १९५१-५२ च्या सुमारास काहींनी भेदभावाची तक्रार करत ठिय्या दिला आणि मागणी केली की आम्हांला भारतात परत पाठवा. काही जण खरोखर परत आलेही. त्यांतले बरेच पुन्हा इस्रायलला गेले. हा दुहेरी प्रवास इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. ज्या माणसाला कोकणातही राहवले नाही आणि वाळवंटातही, त्याच्या बोटीतल्या रात्रींविषयी कुणी काही लिहिल्याचे दिसत नाही.

पण खरा घाव पुढे बसला. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिली: बेने इस्राएल वधू किंवा वर समोर आल्यास त्यांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. मुख्य रब्बी होते यित्झाक निस्सिम. शंका अशी होती की इतकी शतके मुख्य ज्यू समाजापासून तुटलेल्या या लोकांत मिश्रविवाह झाले असतील, आणि घटस्फोटाचे विधी शास्त्राप्रमाणे झाले नसतील. कोकणातल्या शेजाऱ्यांप्रमाणेच बेने इस्राएलांतही घटस्फोट विरळा आणि विधवाविवाह टाळला जाई. म्हणजे ज्या चालीरीती त्यांना ‘हिंदूंसारखे’ ठरवत होत्या, त्यांतल्याच काही या शंकेचे उत्तर होत्या. पण ते ऐकायला कुणी बसले नव्हते.

पेणला, रोह्याला, पुण्याला ज्यांना कधी कुणी ‘तू खरा ज्यू आहेस याचा पुरावा दे’ म्हटले नव्हते, त्यांना तो पुरावा ज्यूंच्या देशात मागितला गेला. पुरावा होता तरी काय? बुडालेले गलबत. नवगावची जुनी दफनभूमी. टोपलीतून निवडलेले मासे. आणि शेजाऱ्यांनी ठेवलेले एक नाव, शनिवार तेली. हे शेवटचे साक्षीपत्र सर्वांत भक्कम होते, कारण ते देणाऱ्याचा त्यात काही स्वार्थ नव्हता. पण जेरुसलेमच्या कचेरीत मराठी शेजाऱ्याची साक्ष काढण्याची पद्धत नव्हती.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेमात ठिय्या देऊन बसले. बायकामुलांसकट बसले. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत आणि त्यांना अन्य ज्यूंसारखेच सर्व हक्क आहेत. त्यानंतर रब्बी मंडळाने सूचनेतून त्यांचे नाव वगळले. पुढे २०१६ साली जनुकीय अभ्यासातही त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही मुळे सापडली. शास्त्रज्ञांचे काम प्रामाणिक आहे. तरीही ज्याच्या आजोबांनी त्या अंगणात रात्री काढल्या, त्याने या निष्कर्षाने आनंदित का व्हावे, हे सांगणे कठीण आहे.

इकडे जे राहिले ते थोडे. आज सगळ्या भारतात मिळून ज्यूंची संख्या चार-पाच हजारांच्या घरात सांगितली जाते. त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्याच्या परिसरात. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोवर अनेक सरकारी अर्जांत त्यांना ‘इतर’ या रकान्यात खूण करावी लागे. न गेलेल्यांत कवी निस्सिम इझिकिएल होते. त्यांची कविता इंग्रजीत होती, शहर मुंबई होते, आणि ते सोडण्याची त्यांना गरज वाटली नाही. रायगडच्या गावांत आता सिनेगॉगची दारे अनेकदा राखणदारच उघडतो, आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवण्यासाठी निरोप धाडावे लागतात.

तिकडे मात्र संख्या वाढली. आता ती हजारोंच्या अनेक पटींत आहे. नवी पिढी हिब्रू बोलते, सैन्यात जाते, स्वतःला इस्रायली म्हणते. तिला तिथे ‘होदी’, म्हणजे हिंदी, म्हणतात. इथे होते तेव्हा ते इस्राएल होते, तिथे गेल्यावर हिंदी झाले. त्या देशातल्या क्रिकेटचा बराचसा भार याच हिंदी लोकांनी उचलला, हेही जाता जाता सांगावे. १९८० च्या दशकात तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक निघू लागले. ज्या लोकांनी पित्याच्या भूमीसाठी मायभूमी सोडली, त्यांनी तिथे पोचून नियतकालिकाला नाव दिले ते आईच्या भाषेचे.

आणि मलिदा राहिला. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने तो करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलदोडा, सुकामेवा. भोवती फळे मांडायची, प्रार्थना म्हणायची, मग सर्वांना वाटायचे. जगातल्या अन्य ज्यूंत हा विधी या रूपात नाही. रब्बींच्या चौकशीच्या काळात असल्या गोष्टी लपवाव्यात असे कुणाला वाटले असेल तर नवल नाही. आज दिमोना आणि अश्दोदमधल्या घरांत तो उघडपणे, थोड्या अभिमानानेच होतो. त्यासाठी पोहे लागतात, आणि ते पातळ चालत नाहीत.

सुट्टीच्या दिवसांत इस्रायलमधून कुटुंबे येतात. आजीबरोबर नातवंडे असतात. नवगावला जातात, दफनभूमीतल्या स्मारकापाशी थांबतात, आडनावातले गाव शोधतात. तिथे भेटणारा पहिला माणूस मराठीत विचारतो तेच विचारतो, ‘तुम्ही कुठले?’ नातवाला प्रश्न कळत नाही. आजी आडनाव सांगते, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळते.

मग खंडाळ्याला जायचे असते. गाडीवाला नवा असला तर घाटाकडे, लोणावळ्याकडे बोट दाखवतो. ते नव्हे, असे आजी सांगते. समुद्राकडचे.